क्षितिजावरचा केशरी पट्टा

फाल्गुनातली अमावास्या. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्रात, सिल्लारीच्या बाजूला, एका तळ्याकाठी मी ट्रायपॉड उभा केला. परवानगी घेऊन आलेले आम्ही चौघं आणि सोबतीला गावातला तरुण गाईड. मी लेन्स पुसायला मोबाईलचा टॉर्च लावला, तसा तो हळूच म्हणाला, "भाऊ, तो बंद करा. अर्धा घंटा नुसतं बसा जी, मंग पाहा."

त्याचं बरोबर होतं. डोळ्यांना अंधार कळायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशींमधलं रंगद्रव्य सावकाश भरत जातं आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झोताने पुन्हा विरतं. लाल प्रकाशाचा त्यावर फारसा परिणाम होत नाही, म्हणून आकाशाची छायाचित्रं काढणारे लाल टॉर्च वापरतात. एरवी अर्धा तास काही न करता बसणं मला अवघड जातं. त्या रात्री मात्र तो अर्धा तास भरत गेला. रातव्याची एकसुरी हाक, दूर कुठे चितळाची धोक्याची आरोळी, आणि वर एकेक थर उघडत जाणारं आकाश. पश्चिमेकडे कललेले मृग आणि व्याध आधी दिसले. मग त्यांच्यामधल्या रिकाम्या वाटणाऱ्या जागाही रिकाम्या नाहीत, हे दिसू लागलं.

मृग मावळला तेव्हा आग्नेयेला वृश्चिक वर आला होता. तांबूस ज्येष्ठा, मग मूळ नक्षत्राची वळलेली नांगी. तिच्या डावीकडे, धनू राशीच्या दिशेला आपल्या आकाशगंगेचं केंद्र आहे, सुमारे २६ हजार प्रकाशवर्षं दूर. मध्य भारतात ते पाहायला मार्च ते मे या महिन्यांतले रात्रीचे शेवटचे प्रहर उत्तम, कारण जूननंतर आकाश ढगांचं होतं.

तीनच्या सुमारास मी काम सुरू केलं. १४ मिलिमीटरची लेन्स, अ‍ॅपर्चर २.८, आयएसओ ३२००, एक्सपोजर २० सेकंद. फोकस हाताने, पडद्यावर एक ठळक तारा मोठा करून, तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, त्यामुळे शटर जास्त वेळ उघडं राहिलं की ताऱ्यांच्या रेघा होतात. त्या वीस सेकंदांत ट्रायपॉडजवळ कुणी पाऊलही हलवत नाही.

पहिलं चित्र उमटलं आणि मी गोंधळलो. पडद्यावरच्या आकाशगंगेत पिवळसर, गुलाबी, तपकिरी छटा होत्या. माझ्या डोळ्यांना दिसत होता तो राखाडी, धुरकट पट्टा. मग खरं कोणतं? डोळा सेकंदाच्या लहानशा अंशापुरताच प्रकाश साठवतो, आणि इतक्या कमी उजेडात त्याला रंग ओळखता येत नाहीत. कॅमेरा वीस सेकंदांचा प्रकाश एकावर एक रचतो. रंग तिथे असतातच, आपली ओंजळ लहान पडते. पण कॅमेऱ्याला अर्धा तास बसावं लागत नाही. रंग त्याने दिले. त्या राखाडी पट्ट्याखाली आपण किती लहान आहोत, ही जाणीव मात्र डोळ्यांनीच दिली. मला दोन्ही हवं आहे, आणि एकाला दुसऱ्याची जागा देऊ नये असं वाटतं.

हा अंधार आपोआप उरलेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये पेंच हे भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलं. त्यासाठी आसपासच्या गावांमधले शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांचा प्रकाश जमिनीकडे वळवला गेला. गावं अंधारात लोटली नाहीत. रस्त्यावर उजेड आहे, तो फक्त जिथे हवा तिथेच पडतो. जगातल्या एक तृतीयांशाहून अधिक लोकांना राहत्या जागेवरून आकाशगंगा दिसत नाही, असं २०१६ च्या एका जागतिक नकाशाने दाखवलं होतं. त्या मोजणीत मीही आहे. माझ्या आईने लहानपणी अंगणातल्या बाजेवरून जे पाहिलं, त्यासाठी मला परवानगी काढून जंगलात यावं लागतं.

पहाटे मोहाची फुलं टपटपू लागली. थोड्या वेळाने टोपल्या घेऊन बायका वेचायला आल्या. त्यांच्यातल्या एकीने आमच्याकडे पाहून टॉर्च पायाशी वळवला आणि विचारलं, "झालं का जी काम?" झालं होतं.

घरी चित्रं मोठी करून पाहताना उजव्या कोपऱ्यात, झाडांच्या रेषेवर, एक केशरी पट्टा दिसला. तिथे असताना तो जेमतेम जाणवला होता. ती नागपूरची दिशा. संगणकावर तो पुसायला दोन मिनिटं पुरली असती, आणि चित्र अधिक देखणं झालं असतं. मी तो तसाच ठेवला. चित्र आता बैठकीत आहे. येणारे आकाशगंगेचं कौतुक करतात, आणि कुणीतरी विचारतंच, हा खालचा उजेड कसला? तेव्हा मी सांगतो, तो आपल्या शहराचा. त्यात या घराच्या गच्चीवरचा दिवाही होता. आता त्याला झाकण बसवलं आहे.