फुंकर आणि शौच



आज गीता, अध्याय 13. ज्ञानाच्या लक्षणांत तिथे 'शौच' येतं, म्हणजे आतली-बाहेरची स्वच्छता. (आजच्या अर्थाने हसू नका!)

पोफळीच्या घरी जुनी व्हिडिओ गेमची कॅसेट सापडली. लावली, तर स्क्रीनवर नुसते चौकोन. लहानपणी दादा आणि मी फुंकर मारायचो. चालायची, पण ती काढून परत नीट बसवल्यामुळे. फुंकरीच्या ओलाव्याने उलट त्या 60 पिना गंजतात, त्यात आपला कोकणातला पाऊस. यावेळी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या. इअरबड काळाकुट्ट!

दादाशी दोन वर्षं अबोला आहे. रोज माळ ओढतो, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. माझी फुंकरच ती. आज जप झाला की त्याला फोन लावणार आहे. उचलेल की नाही, माहीत नाही.