उरलेले तुकडे आणि खरे माप

शास्त्रभाग : योहान ६:१–१३, २ राजे ४:१–७, आमोस ८:४–६



पाच हजारांच्या भोजनाची कथा आपल्या रविवार शाळेतील लहान मुलासही ठाऊक असते. जवाच्या पाच भाकरी, दोन मासळ्या आणि त्या आणणारा मुलगा, हे सारे आपण फळ्यावर चित्र काढून शिकवतो. परंतु कथेचा शेवट मात्र बहुधा घाईत उरकला जातो. सर्व लोक जेवून तृप्त झाल्यावर प्रभूने शिष्यांस एक काम सांगितले. एकही तुकडा वाया जाऊ न देता उरलेले सारे त्यांनी जमा करावयाचे होते. शिष्य गवतातून फिरले, वाकले, तुकडे वेचले आणि बारा टोपल्या भरल्या.

ह्याचे आपल्याला नवल वाटावयास हवे. पाच भाकरींच्या हजारो करणाऱ्यास उरल्यासुरल्या तुकड्यांची पर्वा का असावी? आपला हिशेब असा असतो की, टंचाईत काटकसर करावी आणि सुबत्ता आली की हात सैल सोडावा. प्रभूचा हिशेब निराळा आहे. भरपूर मिळाले म्हणून टाकून देण्याचा हक्क मिळत नाही. जे पित्याच्या हातून आले, ते थोडे असो वा पुष्कळ, जपण्यासारखेच असते.

ह्या वचनाच्या प्रकाशात आज आपण एका साध्या जागेकडे पाहू या. ती जागा म्हणजे किराणा मालाचे दुकान. अलीकडे अनेक शहरांत निराळ्या धर्तीची दुकाने निघाली आहेत. तेथे तांदूळ, डाळी, कडधान्ये, गूळ ही पाकिटात न विकता, गिऱ्हाइकाने घरून आणलेल्या डब्यात किंवा पिशवीत तोलून देतात. माल शक्यतो जवळच्या शेतकऱ्यांकडून घेतात, आणि कचरा कमीत कमी व्हावा असे पाहतात. आपल्या मंडळीतील एखाद्या कुटुंबाने किंवा महिला मंडळाने असे दुकान चालवावे काय, आणि चालवलेच तर ते कोणत्या मनाने, हा आजचा आपला प्रश्न आहे.

आपल्या वडीलधाऱ्यांस ह्यात नवे काही दिसणार नाही. पायली, शेर, चिपटे ही मापे त्यांनी पाहिली आहेत. कापडी पिशवी आणि तेलाची बरणी घेऊन दुकानात जाणे हीच तेव्हाची रीत होती. पुढे पाकिटे आली. पाकीट माल कोरडा ठेवते, त्यात किडे शिरत नाहीत, हा त्याचा गुण आपण प्रामाणिकपणे मान्य करू. पण शांपूची किंवा मसाल्याची लहान पुडी प्लास्टिक व धातूचे पातळ थर एकमेकांस चिकटवून केलेली असते. ते थर पुन्हा वेगळे करणे फार कठीण. म्हणून कचरा वेचणारी बाई बाटली उचलते, पुठ्ठा उचलते, आणि ही पुडी मात्र तेथेच सोडते. तिला भाव मिळत नाही. ती पुडी गटारात जाते, नाहीतर जाळली जाते.

सरकारने काही पावले उचलली आहेत. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरण्याच्या प्लास्टिकचे पेले, ताटल्या, चमचे, नळ्या ह्यांवर देशभर बंदी आली. ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनहून पातळ प्लास्टिक पिशव्या चालत नाहीत. इंदूर शहर देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात २०१७ पासून वर्षानुवर्षे पहिले आले, त्याचे मूळ घराघरांत ओला व सुका कचरा वेगळा ठेवण्यात आहे. तेथे फेब्रुवारी २०२२ मध्ये दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू करण्याचा प्रकल्प सुरू झाला. आमच्या इंदूरच्या वाचकांस ह्याचा रास्त अभिमान आहे. तरीही जो कचरा झालाच नाही, त्यासाठी ना गाडी लागते, ना प्रकल्प. ते काम दुकानाच्या फळीवर आणि आपल्या स्वयंपाकघरात होते.

आता तीन गोष्टींचा विचार करू.

पहिली गोष्ट : रिकामी भांडी.

अलीशाच्या काळी एक विधवा कर्जात बुडाली होती. सावकार तिचे दोन मुलगे दास करून नेण्यास आला होता. संदेष्ट्याने तिला, घरात काय आहे, असे विचारले. तेलाच्या एका कुपीवाचून काही नव्हते. तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण, आणि ती मोजकीच आणू नकोस, असे त्याने तिला सांगितले. भांडी होती तोवर तेल वाहिले. मग तिने ते तेल विकले, कर्ज फेडले, आणि उरलेल्यावर मायलेकरे जगली.

ह्या घरात एका दिवसापुरते दुकानच उघडले होते, हे आपण पाहतो काय? त्याचे भांडवल म्हणजे शेजाऱ्यांची रिकामी भांडी. त्याचा हेतू म्हणजे दोन मुलांची कर्जातून सुटका. जे दुकान शेजाऱ्यांच्या डब्यांवर चालते ते शेजाराशिवाय चालूच शकत नाही. म्हणून असे दुकान काढणाऱ्याने प्रथम जागा किंवा फर्निचर पाहू नये. आपल्या गल्लीतील किती घरे डबा घेऊन येतील, हे दारोदार जाऊन विचारावे.

येथे एक सूचना द्यावयास हवी. खाद्यतेल सुटे विकण्यास आपल्या देशात कायद्याने मनाई आहे. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली व पुष्कळ माणसे दगावली. ती आठवण ठेवण्यासारखी आहे. मसाल्याची पूडही सुटी विकता येत नाही. अख्खे धने, जिरे, मिरे विकावे, आणि गिऱ्हाइकाने घरी कुटावे किंवा गिरणीतून दळून आणावे. वर्तमानपत्राच्या पुडीत खाद्यपदार्थ बांधू नयेत, शाईतील अपायकारक द्रव्ये अन्नात उतरतात, असा इशारा अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दिला आहे. पृथ्वीची काळजी घेतो म्हणून शेजाऱ्याच्या आरोग्याशी खेळण्याची मुभा आपल्याला नाही.

दुसरी गोष्ट : खरे माप.

आमोसाने ज्या व्यापाऱ्यांचा धिक्कार केला, ते शब्बाथ कधी सरेल ह्याची वाट पाहत असत. ते माप लहान करीत, मोल मोठे करीत, खोट्या तराजूने फसवीत, आणि गव्हाचा गाळ दरिद्र्यांस विकीत. हे वाचून आपल्याला वाटते, किती जुनी गोष्ट! पण आज भाव तोच ठेवून पाकिटातील माल हळूच कमी करण्याची रीत आपण पाहत नाही काय? पुडी पाच रुपयांचीच राहते, आतला माल मात्र दर वेळी घटतो. आमोसाला हे समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

त्याहून मोठी गोष्ट अशी की, लहान पुडी बहुधा गरीबच घेतो. त्याच्या हाती रोजची मजुरी असते, महिन्याचा पगार नसतो. त्यामुळे पुष्कळदा दर ग्रॅममागे त्याला श्रीमंतापेक्षा जास्त मोजावे लागते, आणि कचऱ्याचा दोषही त्याच्याच माथी येतो. सुट्या मालाच्या दुकानाची खरी सेवा येथे आहे. एखाद्या डाळीचा भाव किलोला १२० रुपये असेल, तर ५० ग्रॅमचे ६ रुपये. एक पैसा जास्त नाही. दहा किलो नेणाऱ्याला आणि मूठभर नेणाऱ्याला एकच दर. रानात मान्ना गोळा करताना ज्याने फार वेचले त्याला अधिक उरले नाही व ज्याने थोडे वेचले त्याला कमी पडले नाही, त्या मापाची ही लहानशी आठवण आहे. हे दुकान जर मोटारीतून येणाऱ्यांसाठी महाग काचेच्या बरण्यांचे प्रदर्शन झाले, तर त्याने आपला हेतूच गमावला.

माप खरे ठेवण्याची रीत साधी आहे. आधी रिकामा डबा तोलावा व त्याचे वजन झाकणावर लिहावे. डबा ३५० ग्रॅमचा असेल, तर भरल्यावर काटा १ किलो ३५० ग्रॅम दाखवील तेव्हाच एक किलो माल झाला. हे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर व्हावे. इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी वैधमापन खात्याकडून तपासणी करून मुद्रा घ्यावी. आपली भाषा मापात पाप म्हणते. शास्त्रातही खोटे वजन परमेश्वरास किळसवाणे आहे.

तिसरी गोष्ट : टिकणारा कारभार.

इंग्लंडात रॉचडेल येथे १८४४ साली विणकर व इतर कामकरी अशा २८ जणांनी प्रत्येकी एक पौंड घालून दुकान काढले. लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि थोड्या मेणबत्त्या एवढाच माल होता. त्या काळी पिठात भेसळ सर्रास होत असे. त्यांनी नियम केला की, माल शुद्ध असावा, वजन पुरे असावे, व्यवहार रोखीने व्हावा, आणि नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या मानाने वाटावा. सहकारी चळवळीचा उगम तेथे मानतात. आपल्याकडे १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे गट करून महिन्याचा माल घाऊक आणावा व आपसांत वाटून घ्यावा ही पद्धत चालवली. दुकानाचा खर्च न झेपणाऱ्या लहान मंडळीसाठी ती वाट सोपी आहे.

परंतु चांगला हेतू हे भांडवल नव्हे. बर्लिन येथे २०१४ साली पाकिटाविना विक्रीचे एक दुकान निघाले व त्याचा फार गाजावाजा झाला; त्याच दुकानाला २०२२ साली दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. म्हणून आम्ही दुकानदारास म्हणतो : पंधरा दिवसांत खपेल तेवढाच माल भरा. आधी आलेला आधी काढा. धान्य निवडा, पाखडा, ऊन द्या. पोत्यात सोंडे पडून धान्य टाकावे लागले, तर वाचवलेल्या शंभर पिशव्यांचा काय उपयोग? आणि गिऱ्हाइकास म्हणतो : उपासनेनंतर दुकानाची तोंडभर स्तुती करून महिन्याचे वाणसामान दुसरीकडून आणू नका. स्तुतीने दुकानाचे भाडे निघत नाही.

उधारीचा प्रश्न कठीण आहे. उधारीने दुकान बुडते आणि रोखीने गरीब अडतो. आम्हांस वाटते की, व्यापार व दया एकाच वहीत लिहू नयेत. मंडळीने आपल्या साहाय्य निधीतून काही रक्कम दुकानात आगाऊ ठेवावी, आणि अडलेल्या घराने तिच्यातून माल न्यावा. यरुशलेमेच्या मंडळीने विधवांच्या रोजच्या वाटणीसाठी सात विश्वासू माणसे नेमली होती. आपल्याला दोन पुरतील, पण ती तोंड बंद ठेवणारी असावीत.

ह्या सर्वांत एक सापळा आहे. परूशी पुदिना, शेप व जिरे ह्यांचाही दशांश देत, आणि न्याय व दया मात्र विसरत. कापडी पिशवी खांद्याला लावून, पुडी घेणाऱ्या बहिणीकडे तुच्छतेने पाहणे हा त्याच परूशीपणाचा नवा अवतार होय. डबा धुऊन कोणाचे तारण होत नाही. तारण कृपेने झाले आहे. म्हणूनच आपण कृतज्ञतेने डबा धुतो.

देवाच्या घरापासूनच आरंभ करू या. नाताळच्या व हंगामाच्या सणाच्या प्रीतिभोजनानंतर मंदिराच्या अंगणात काय पडलेले असते? मंडळीने स्टीलची ताटे व पेले एकदाच घ्यावेत, आणि धुण्याची पाळी पुरुषांसही लावावी. रविवार शाळेच्या शिक्षकांनी मुलांस आठवडाभर घरातील रिकामी पाकिटे धुऊन जमवावयास सांगावे. मग वर्गात मोजून, कोणती टाळता आली असती ते मुलांनाच ठरवू द्यावे. उपदेश त्यानंतर करावा, आणि तो थोडाच करावा.

शेवटी त्या बारा टोपल्यांकडे पुन्हा वळू. तुकडे वाया जाऊ नयेत असे सांगताना योहानाने जे ग्रीक क्रियापद वापरले, तेच त्याने त्याच अध्यायाच्या ३९व्या वचनात वापरले आहे. तेथे प्रभू म्हणतो की, पित्याने जे त्याच्या स्वाधीन केले त्यातले काहीही तो हरवू देणार नाही. जो प्रभू भाकरीचा तुकडा सोडत नाही तो माणसास कसा सोडील? पहाटे आपल्या दारातला कचरा वेचणारी बाई, सावकाराच्या भीतीने दबलेले घर, मूठभर डाळ घेण्यास संकोचणारा मजूर ही सारी त्याने वेचावयाची ठरवलेली माणसे आहेत. आपल्या दुकानात ती आली, आणि त्यांस पूर्ण माप, खरा भाव व आदराचा शब्द मिळाला, तर त्या दिवशी आपण शिष्यांबरोबर गवतात वाकलो असे समजावे.

हे कृपाळू पित्या, तू दिलेले जपण्याचे शहाणपण आम्हांला दे. आमची मापे खरी कर, आमचे हात उघडे कर, आणि तुझ्या दृष्टीने मोलाचे असलेले काहीही आमच्या हातून टाकले जाऊ देऊ नकोस. आमेन.