मुद्दल आणि उत्पन्न

एखाद्या देवस्थानाच्या महाजनांच्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जात असता, कुळागर विकून आलेली रक्कम त्या वर्षाच्या उत्पन्नात दाखविली, तर काय होईल? कोणीही साधा महाजन उठून विचारील, ‘हे उत्पन्न कसले? हे तर देवाचे मुद्दल!’ हा भेद आमच्या देवळांच्या परंपरेत जितका स्पष्ट आहे, तितका तो राज्याराज्यांच्या हिशेबात आढळत नाही.

अर्थशास्त्रज्ञ दारिद्र्य मोजतात ते प्रायः खर्च अथवा उत्पन्न यांवरून. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी माणशी रोज २,२५० उष्मांक मिळण्याइतका खर्च ही दारिद्र्याची सीमा धरली. पुढे १९८१ साली अमर्त्य सेन यांनी दाखविले की, धान्य असूनही त्यावर ज्याचा अधिकार पोचत नाही तो उपाशी मरतो. कायद्याच्या अभ्यासकास ही दृष्टी अधिक पटते. पेडणे-डिचोलीकडील मुंडकाराचे घर भाटकाराच्या जमिनीत. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला घरातून घालविले जाण्याच्या भयापासून संरक्षण दिले. त्याच्या ताटात भात वाढला नाही, तरी त्याचे दारिद्र्य खचित कमी झाले.

परंतु हाती आलेली मालमत्ता विकूनही खाता येते, आणि येथेच देवळाची वही उपयोगी पडते. डिचोलीच्या टेकड्यांतील लोहखनिज कित्येक दशके परदेशी गेले. दरडोई उत्पन्नात गोवा देशातील अग्रेसर राज्यांत गणला गेला. २०१२ साली खाणी बंद पडल्या आणि कर्ज काढून ट्रक घेतलेल्या गावकऱ्याची मिळकत एकाएकी थांबली. २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खनिजाच्या विक्रीतील दहा टक्के रक्कम पुढील पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवण्याचा आदेश दिला. आमच्या मते, मुद्दल म्हणजे काय याची ती न्यायालयाने दिलेली आठवणच होय.

जगातील दुर्बल देशांची कथा याहून निराळी नाही. काँगोच्या भूमीत तांबे व कोबाल्ट विपुल असून प्रजा दरिद्री आहे. उलट बोत्स्वानाने हिऱ्यांचा पैसा शाळा व रस्ते यांत घातला आणि १९९४ साली राखीव निधी उभारला. खनिजाचे मोल अन्य भांडवलात गुंतविले, तरच पुढील पिढीचे जीवनमान टिकते, हे तत्त्व अर्थशास्त्रज्ञ हार्टविक यांनी १९७७ साली मांडले. आमच्या महाजनांना ते नवे वाटू नये.

यावर कोणी म्हणेल, ज्याच्या घरी आज चूल पेटत नाही त्यास नातवाच्या हिताची गोष्ट सांगणे निष्ठुरपणाचे आहे. आक्षेप खरा आहे. परंतु मुद्दल मोडून उपाशी मुलास अन्न व विद्या मिळाली, तर ते रूप पालटून उरलेच. दोष मुद्दल मोडण्यात नाही. मोडलेल्या मुद्दलास उत्पन्न म्हणण्यात, आणि ज्याला भूक नाही त्याने ते खाण्यात आहे.

आज हा प्रश्न पेडण्यात दाराशी आला आहे. २०२३ च्या जानेवारीत मोपा येथून विमाने उडू लागली आणि परिसरातील जमिनीस मागणी वाढली. आम्ही स्वतः पुष्कळ विक्रीपत्रे लिहिली आहेत. त्यांत चतुःसीमा असतात, किंमत असते, साक्षीदार असतात. पैशाचे पुढे काय व्हावे याचा रकाना नसतो. कायदा तो विचारीत नाही. देवाच्या बागेचा पैसा कोठे गेला हे विचारणाऱ्या महाजनाने घरी येऊन स्वतःच्या वहीसही तोच प्रश्न विचारावा, एवढीच आमची विनंती आहे.