दोन दिवसांचा पाहुणा आणि पाणी

जेथें आपण दोनच दिवस राहणार, तेथील लोकांविषयीं आपलें कांहीं कर्तव्य असतें काय? प्रश्न दिसावयास लहान आहे. पण जेथें पाणी मोजून मिळतें अशा ठिकाणीं तो विचारला म्हणजे त्याचें गांभीर्य ध्यानांत येतें. हल्लीं अनेक तरुण दांपत्यें पाठीवर पिशवी टाकून, थोडक्या खर्चांत, वाळवंटांतील मरूद्यानें पाहावयास जातात. खजुरीच्या छायेंत दोन रात्री काढावयाच्या, चांदण्यांत वाळूचे डोंगर पाहावयाचे आणि तिसऱ्या दिवशीं पुढची वाट धरावयाची, असा त्यांचा क्रम असतो. यांत निंद्य असें कांहींच नाहीं. ज्या सुखाचें सारें सामान पाठीवर मावतें, तें सुख पुष्कळ सुखांहून निर्मळच म्हटलें पाहिजे.

मात्र मरूद्यान म्हणजे निसर्गानें वाळवंटास सहज दिलेली देणगी, ही समजूत अपुरी आहे. झरा निसर्गाचा खरा. परंतु बाग मनुष्याची असते. ओमान देशांत ‘फलज’ नांवाचे पाट भूगर्भांतील पाणी दूरवरून गांवांत आणितात. त्यांपैकीं पांच पाटांस २००६ सालीं जागतिक वारशांत स्थान मिळालें. या पाण्याची वांटणी वेळेच्या मापानें होते. दिवसा सावलीवरून आणि रात्रीं ताऱ्यांवरून प्रत्येकाची पाळी ओळखण्याची तेथें जुनी वहिवाट आहे. ट्युनिसियांतील तोझर येथें तेराव्या शतकांत इब्न शब्बात या विद्वानानें पाणीवांटपाची व्यवस्था लावून दिली. वर खजूर, त्याच्या सावलींत फळझाडें आणि त्यांच्याखालीं भाजीपाला, अशी ही तीन मजल्यांची शेती असते. म्हणजे तेथील हिरवेपणा जितका ओलाव्याचा, तितकाच नियमाचा होय.

भंडारा जिल्ह्यांतील वाचकांस ही गोष्ट विस्तारानें सांगण्याचें कारण नाहीं. वैनगंगेचें हें खोरें वाळवंट नव्हे. येथें पाऊस पुष्कळ पडतो. पण तो चार महिन्यांत पडून जातो, आणि धानाच्या लोंब्या भरण्याच्या सुमारास एक पाणी चुकलें तर वर्षाची मेहनत वायां जाते. म्हणून कोहळी समाजाच्या पूर्वजांनीं गोंड व भोंसले यांच्या राजवटींत या भागांत हजारों तलाव व बोड्या बांधल्या. नवेगांवबांधाचा विस्तीर्ण तलाव त्यांपैकींच; १९९९ सालीं जिल्हा विभागला गेला तेव्हां तो गोंदियाकडे गेला. पाण्यावर कोणाचा कसा हक्क, हें ‘वाजिब-उल-अर्ज’ नांवाच्या गांवच्या दप्तरांत नोंदलेलें असे. १९५१ सालीं मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले, आणि जें सर्वांचें तें राखावें कोणीं, हा प्रश्न उभा राहिला. गाळानें उथळ झालेले कित्येक तलाव त्या प्रश्नाची साक्ष देतात. शहापुरासारख्या गांवांतील जुन्या शेतकऱ्यास मरूद्यान डोळ्यांनीं न पाहतांही कळेल, तें यामुळेंच.

आतां पाहुण्याकडे वळूं. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या गांवांत त्याची पाळी कोणती? कोणतीच नाहीं. तो जें वापरतो, तें कोणाच्या तरी वांट्यांतलें असतें.

यावर दोन उत्तरें सहज सुचतात. एक अतिथिधर्माचें: पाहुणा देवासमान, त्यास पाणी नाकारूं नये. पण हा धर्म यजमानास सांगितलेला आहे. त्याच्या आधारें पाहुण्यानें हक्क सांगणें म्हणजे दात्याच्या पुण्यावर याचकानें दावा ठोकणें होय. दुसरें उत्तर व्यवहाराचें: आम्हीं दाम मोजला आहे. हें उत्तर हसण्यावारी नेण्याजोगें नाहीं. प्रवाशांच्या पैशानें गरीब गांवांतील कित्येक चुली पेटतात. परंतु दाम पोंचतो खाणावळवाल्यास, आणि कमी होतें तें सर्वांचें पाणी. पेरू देशांतील वाकाचीना येथील तळें आसपासच्या विहिरींच्या उपशानें ओसरूं लागलें, तेव्हां त्यांत बाहेरून पाणी सोडण्याची पाळी आली. पाहणाऱ्यास तें पूर्वीसारखेंच सुंदर दिसतें. पैशानें देखावा राखतां आला, झरा मात्र विकत घेतां आला नाहीं.

मग पाहुण्यानें तहानलेलें राहावें काय? मुळींच नाहीं. तहान आणि चैन यांत आपल्या लोकांनीं पूर्वींच भेद केला आहे. पाणपोईवर कोणी कोणास गांव विचारीत नाहीं. पण पाणपोईच्या रांजणांत कोणी कपडेही धूत नाहीं. संन्याशानें एका गांवांत एकच रात्र राहावें, असा जो नियम शास्त्रकारांनीं घातला, त्यांत वैराग्याबरोबर गांवावर भार पडूं नये हाही हेतु असावा. वानप्रस्थास पत्नीसह निघण्याची मोकळीक होती. मात्र त्यानें गरजा घटवून निघावें, अशी अपेक्षा होती. या अपेक्षेंत मोठें शहाणपण आहे. एकटा फिरस्ता झाडाखालीं निजतो. दोघें मिळून निघालीं कीं तीं जेथें जातील तेथें संसार मांडतात, आणि संसाराबरोबर घरच्या संवयीही येतात. उलट, एकमेकांस आवरण्याची सोयही दोघांनाच असते. ज्या घरांत आजीनें तलावावरून घागरी वाहिल्या, त्या घरच्या नातवानें आणि नातसुनेनें दुसऱ्याच्या वाळवंटांत ती घागर आठवावी, इतकेंच मागणें आहे.

राहणें थोडें म्हणून कर्तव्य थोडें, हा हिशेब उलटा आहे. गांवकऱ्यानें पाणी उधळलें तर पुढचा उन्हाळा त्यालाच शिक्षा करितो. त्याचें हित आणि त्याचा धर्म एकाच बांधानें बांधलेले असतात. पाहुण्याच्या उधळपट्टीची शिक्षा मात्र दुसरे भोगतात, आणि तोंवर तो दूर गेलेला असतो. त्यास अडविणारा उन्हाळा नाहीं, दप्तर नाहीं, शेजारी नाहीं. त्याला आवर घालणारी एकच वस्तु उरते, ती त्याची स्वतःची सदसद्विवेकबुद्धि. म्हणून ज्यास दोनच दिवस राहावयाचें आहे, त्यानें वर्षानुवर्षें राहणाऱ्याहून अधिक जपून वागलें पाहिजे.