परक्याचा सूर

दार उघडे ठेवले म्हणजे आतिथ्य पुरे झाले काय?

दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावर महाराष्ट्र सदन आहे, ब्रिटिश कौन्सिल आहे. दूरदूरच्या माणसांची तेथे ये-जा असते. अशा मार्गावरील एखाद्या सभागृहात ‘ओपन माइक’ची संध्याकाळ योजिली आहे, अशी कल्पना करा. ना तिकीट, ना निवड. येईल त्याने वहीत नाव लिहावे व पाळी आली की गिटार, बासरी किंवा पेटी घेऊन गावे. परंतु सराईत गायक पाच-पाच गाणी म्हणतात आणि नवख्याची पाळी येईतो लोक उठू लागतात. शेवटच्या रांगेतील मुलगा गिटार खोळीतून न काढताच परततो. त्याला कोणी नाकारले नाही. मग दोष कोणाचा?

रोमकरांस पत्रातील 12:13 या वचनात आतिथ्यासाठी जो ग्रीक शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ ‘परक्यावरील प्रीती’ असा होतो. त्याच्या जोडीला पौलाने पाठलाग करण्याचे क्रियापद योजिले आहे. पुढच्याच वचनात तेच क्रियापद छळ करणाऱ्यांविषयी येते! भाषांतरात ही जोडी राखणे कठीण. बोध मात्र स्पष्ट आहे. छळणारा जसा माणसाला शोधीत जातो, तसे यजमानाने परक्याला शोधीत जावे. दाराशी उभे राहणे पुरेसे नाही. शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेले पाहिजे.

करिंथ येथील मंडळीत प्रत्येक जण काही ना काही घेऊन येई आणि गोंधळ माजे. पौलाने दार बंद केले नाही. पाळी लावून दिली. दुसऱ्याला काही सांगावयाचे असेल तर पहिल्याने थांबावे, असा त्याचा नियम आहे (1 करिंथ. 14:26-30). शिस्त ही दुर्बलाची ढाल आहे. प्रत्येकाला दोनच गाणी, हा नियम सराईतालाही लागू असावा.

आणि श्रोत्यांचे काय? विजेवाचून वाजणाऱ्या वाद्याचा आवाज लहान असतो; आपली शांतता हाच त्याचा ध्वनिक्षेपक. खोटी वाहवा नको. मनापासून ऐकणे हाच खरा सन्मान.

हे सोपे नाही. ज्यांचे नाव या मार्गाला आहे, त्या कस्तुरबांनाही ते सहज जमले नाही. 1915 साली कोचरब आश्रमात दूदाभाईंचे अस्पृश्य मानलेले कुटुंब राहावयास आले, तेव्हा त्यांच्या मनाला ते रुचले नव्हते, हे गांधीजींच्या आत्मकथेवरून कळते. पुढे त्याच कुटुंबातील लक्ष्मीला गांधीजींनी कन्या मानले. आतिथ्य हे शिकावे लागते.

आपल्या उपासनेतही विशेष गीत म्हणणारे तेच ते चार कंठ असतात ना? न्यायाच्या दिवशी प्रभू स्वतःला परक्यांत मोजणार आहे (मत्तय 25). येत्या रविवारी शेवटच्या बाकाकडे पाहा. तेथे कोणाचे गाणे अडले आहे?