स्वयंसेवकाचा धर्म आणि त्याला बोलावणाऱ्याचा धर्म

धन देणे हे दान आहे, अन्न देणे हे दान आहे, आणि आपला वेळ व देहाचे श्रम देणे हेही दानच आहे. ज्या गृहस्थाजवळ द्रव्य नाही, त्यालाही हे तिसरे दान करता येते. म्हणून ते सर्वांस सुलभ होय. परंतु जे सुलभ असते, त्याविषयी मनुष्य बहुधा असावध राहतो. द्रव्य देताना तो चार वेळा विचार करतो, ते कोठे जाणार हे विचारतो, पावती घेतो. श्रम देताना मात्र त्यास वाटते की, आपण फुकट देत आहोत, तेव्हा कसेही दिले तरी चालेल. आणि ते श्रम घेणाऱ्या संस्थेसही वाटते की, फुकट मिळाले आहेत, तेव्हा कसेही वापरले तरी चालेल. शुद्ध हेतूने आरंभलेली कित्येक सेवाकार्ये या दोन समजुतींमुळेच बुडतात.

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. देणे हे कर्तव्य आहे अशा बुद्धीने, परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य स्थळी, योग्य वेळी आणि योग्य पात्री दिलेले ते सात्त्विक. मोबदल्याच्या किंवा फळाच्या आशेने, मनात क्लेश मानून दिलेले ते राजस. अयोग्य स्थळी, अयोग्य वेळी, आदरावाचून व तुच्छतेने दिलेले ते तामस. श्रमाचे दानही याच कसोटीवर घासून पाहावे. वर्तमानपत्रात नाव यावे म्हणून पंगतीत वाढणारा राजस दान करतो. यात्रेत तहानलेल्या म्हातारीला पाणी देताना तिच्यावर खेकसणारा तामस दान करतो. हातात पाण्याचा पेला तोच असतो. देणाऱ्याच्या वृत्तीने त्याचे मोल पालटते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयाची. भगवंतांनी केवळ भावना शुद्ध असावी एवढेच म्हटलेले नाही. देश, काल व पात्र हेही सांगितले आहे. अर्थात सद्‌भावनेला व्यवस्थेची जोड हवी. भावना येणाऱ्याने आणावयाची आणि व्यवस्था बोलावणाऱ्याने करावयाची. एक नसेल तर दुसरे व्यर्थ जाते.

१९०१ साली कलकत्त्यास राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले होते. दक्षिण आफ्रिकेतून आलेले मोहनदास गांधी त्या वेळी तेथे होते. तेथील स्वयंसेवकांविषयी त्यांनी आपल्या आत्मकथेत जे लिहिले आहे, ते प्रत्येक संस्थाचालकाने मनन करण्याजोगे आहे. एकाला काम सांगावे, त्याने ते दुसऱ्यावर सोपवावे, दुसऱ्याने तिसऱ्यावर. आणि प्रतिनिधी तसाच ताटकळत राहावा. ती मुले वाईट नव्हती. त्यांच्या ठायी इच्छा होती, अनुभव मात्र नव्हता. कारण वर्षातून तीन दिवस भरणाऱ्या सभेत अनुभव मिळणार कोठून? शौचकूप थोडे, माणसे पुष्कळ, दुर्गंधी असह्य. स्वयंसेवकांना ते दाखविले, तेव्हा ते सफाई करणाऱ्यांचे काम आहे असे उत्तर मिळाले. गांधींनी झाडू मागून घेतला आणि आपल्यापुरती जागा स्वतः स्वच्छ केली. नंतर ते कचेरीत गेले व काम मागितले. तेथील एका मंत्र्याने, श्री. घोषाल यांनी, कारकुनाचे काम पुढे केले, पत्रांचा ढीग दिला. बॅरिस्टर असलेल्या त्या गृहस्थाने तो निमूटपणे निकालात काढला. मागाहून त्यांची माहिती कळल्यावर घोषालांना संकोच वाटला. गांधींना मात्र मुळीच वाटला नाही. मिळेल ते काम हेच सेवकाचे काम होय.

त्याच नगरीत दोन वर्षांपूर्वी निराळे दृश्य दिसले होते. १८९९ साली कलकत्त्यात प्लेगची साथ पसरली, तेव्हा रामकृष्ण मिशनने सेवाकार्य उभारले. भगिनी निवेदिता त्याच्या कार्यवाह होत्या आणि वस्त्यांच्या सफाईची देखरेख स्वामी सदानंद यांच्याकडे होती. निवेदितांनी सभेत विद्यार्थ्यांना आवाहन केले आणि काही विद्यार्थी पुढे आले. त्यांना नुसते जयजयकारात सोडून दिले नाही. काम ठरवून दिले, देखरेख ठेवली. एकदा निवेदितांनी स्वतः झाडू घेऊन गल्ली झाडावयास आरंभ केला, तेव्हा त्या गल्लीतील तरुण लाजले आणि त्यांनी झाडू हाती घेतला. सेवकांची भरती अशी होते. व्याख्यानाने मनुष्य उभा राहतो. पण तो चालू लागतो ते पुढचे पाऊल पाहून.

तिसरा प्रसंग १९१५ सालच्या हरिद्वारच्या कुंभमेळ्याचा. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली पुण्यास स्थापलेल्या भारत सेवक समाजाने तेथे मोठे स्वयंसेवक पथक पाठविले होते. पंडित हृदयनाथ कुंझरू त्याचे प्रमुख होते आणि डॉ. देव वैद्यकीय अधिकारी होते. गांधींची फिनिक्स आश्रमातील मंडळीही मदतीस आली. शौचासाठी खणलेल्या खड्ड्यांतील मैला वेळोवेळी मातीने झाकण्याचे काम या मंडळींनी मागून घेतले. गांधी स्वतः लिहितात की, मागणी त्यांची होती, परंतु प्रत्यक्ष काम मगनलाल गांधींच्या वाट्यास आले. त्यांचा स्वतःचा पुष्कळसा वेळ तंबूत बसून भेटीस येणाऱ्यांना दर्शन देण्यात गेला. पुढाऱ्याची अशी प्रामाणिक कबुली दुर्मीळ आहे. ज्याचे नाव गाजते तो आणि जो माती टाकतो तो, हे पुष्कळदा वेगळे असतात. संस्थेच्या प्रमुखाला या अंतराचे सतत स्मरण राहिले, तरच त्याच्या हातून माती टाकणाऱ्याचा अनादर होणार नाही.

या प्रसंगांवरून बोलावणाऱ्याचा धर्म स्पष्ट होतो.

(१) काम ठरविल्यावाचून माणसे बोलावू नयेत. शंभर माणसे जमवून त्यांतील साठ रिकामी बसविणे हा त्यांच्या दानाचा अपमान होय.

(२) प्रत्येकाला काम, जागा, वेळ आणि कोणास विचारावयाचे त्या एका माणसाचे नाव स्पष्ट सांगावे.

(३) नवख्याला जाणत्याच्या जोडीस द्यावे. शिकविल्यावाचून रागावणे हा अन्याय होय.

(४) सेवकाचे जेवण, पाणी व विसावा यांची काळजी आधीच घ्यावी. अन्नछत्रात वाढणाराच उपाशी राहिला, तर तो दोष यजमानाचा.

(५) हिशेब उघडा ठेवावा. ज्याने श्रम दिले त्याला त्या श्रमाचे काय झाले हे जाणण्याचा अधिकार आहे.

(६) चूक एकांतात सांगावी. खोटी स्तुती करू नये, पण खऱ्या कष्टांची ओळख ठेवावी.

आता येणाऱ्याचा धर्म.

(१) शब्द थोडा द्यावा आणि पूर्ण पाळावा. आठवड्यातून एक तास बारा महिने देणारा, पहिल्या आठवड्यात रात्रंदिवस राबून मग दिसेनासा होणाऱ्यापेक्षा श्रेष्ठ आहे.

(२) काम निवडू नये. व्यासपीठाजवळ दहा जण आणि उष्ट्या भांड्यांजवळ एकही नाही, अशी स्थिती जेथे दिसेल, तेथे आपली जागा भांड्यांजवळ समजावी.

(३) येता येत नसेल तर आधी कळवावे.

(४) ज्याची सेवा करावयाची, त्याच्यावर उपकार करीत आहोत ही भावना शिवू देऊ नये. त्याने आपले दान स्वीकारले हाच त्याचा उपकार.

(५) घरचे नियत कर्म टाकून सेवेला जाऊ नये. आजारी आई अंथरुणावर असताना संस्थेच्या रुग्णालयात पंखा घालणारा पुत्र स्वतःची फसवणूक करतो.

येथे कोणी शंका घेईल की, जो स्वेच्छेने आला त्याच्यावर नियमांचे बंधन कसे घालावे? तो रागावून निघून जाईल. या शंकेचे समाधान असे की, स्वेच्छा दारापर्यंत असते. उपवास करावा की नाही हे मनुष्य स्वेच्छेने ठरवितो. पण संकल्प सोडल्यावर दुपारी भूक लागली म्हणून तो मोडीत नाही. सेवेचेही तसेच आहे. येणे स्वेच्छेचे, परंतु आल्यानंतरचे काम हे नियत कर्म. पगारी नोकराला मालकाचा धाक असतो. स्वयंसेवकाला कोणाचाच नसतो, म्हणून त्याला स्वतःच्या शब्दाचा धाक असावा लागतो. हे बंधन ज्याला सोसत नाही, त्याला प्रेमाने निरोप द्यावा; त्यात पाप नाही. त्याच्या भिडेस्तव दुःखिताला ताटकळत ठेवणे हे मात्र पाप आहे.

आणखी एक सूक्ष्म धोका आहे. कामाचा गर्व जाळून टाकणारा सेवकसुद्धा कधी कधी संस्थेच्या गर्वात सापडतो. आपली संस्था, आपला मंडप, आपली रांग असे म्हणता म्हणता तो शेजारच्या मंडपातील सेवकाशी भांडू लागतो आणि मध्ये यात्रेकरू उन्हात उभा राहतो. अहंकाराने तेथे केवळ वस्त्र बदललेले असते. त्याची ओळख पटविण्याचा एकच उपाय आहे. आजचे काम उद्या दुसऱ्या कोणी अधिक चांगले केले, तर आपणास आनंद होईल काय, हे रात्री निजण्यापूर्वी मनाला विचारावे. उत्तर ‘होय’ असे आले, तर दान सात्त्विक झाले असे समजावे. मन अडखळले, तर निराश न होता उद्या पुन्हा झाडू हाती घ्यावा. झाडता झाडता अंगणाबरोबर मनही स्वच्छ होत जाते.

प्रत्येक गावी देवालय आहे, शाळा आहे, दवाखाना आहे, यात्रा भरते, पूर येतो, दुष्काळ पडतो. हात हवे आहेत आणि हात आहेतही. उणीव आहे ती त्या दोहोंच्या मध्ये उभे राहून आदराने काम वाटून देणाऱ्याची आणि आदराने ते घेणाऱ्याची. सर्वांतर्यामी भगवान ज्या रुग्णात, ज्या भुकेल्यात, ज्या वाट चुकलेल्या यात्रेकरूत आहे, त्याच्यापुढे दोघांनीही नम्र होऊन उभे राहावे. बोलावणाऱ्याने हाती यादी घेऊन आणि येणाऱ्याने हाती झाडू घेऊन. तेथे यादीही पूजेचे साहित्य आहे आणि झाडूही.