कबरेचा भार कोणीं वाहावा?

(वाचन : मत्तय २७ : ५७–६०, योहान ११ : ३२–३६, गलतीकरांस ६ : २)



आमचें गंगाखेड गोदावरीच्या कांठीं वसलेलें आहे. दूरदूरच्या गांवचे लोक आपल्या मृतांच्या अस्थि घेऊन येथें येतात, आणि नदीच्या वाटेवर शोक करणारें माणूस दिसलें नाहीं असा दिवस क्वचितच जातो. परंतु परक्याचें दुःख पाहणें वेगळें आणि तें आपल्या अंगणांत येणें वेगळें. गेल्या उन्हाळ्यांत तें आमच्या अंगणांत आलें. जवळच्या एका खेड्यांतील मंडळीचा वडील, आमचा वीस वर्षांचा स्नेही, सायंकाळच्या उपासनेंत आमच्या शेजारीं बसून गायला. रात्रीं त्याच्या छातींत कळ आली, आणि वाहन येण्याच्या आधींच त्यानें प्राण सोडला.

पहाटे आम्ही त्याच्या घरीं पोहोंचलों. पुनरुत्थानाच्या आशेविषयीं बोललों, प्रार्थनाही केली. तितक्यांत मयताच्या धाकट्या भावानें आम्हांस दाराबाहेर बोलावून हळूच विचारिलें, "पाळकसाहेब, पेटी, मंडप, पाहुण्यांचें जेवण, हें सारें कशानें करावें? मुकादमाकडून उचल घेऊं का? वहिनी आणि पोरें दिवाळीनंतर ऊस तोडून फेडतील." हें ऐकून आम्हांस लाज वाटली. आम्ही स्वर्गाच्या गोष्टी सांगत होतों, आणि त्या घराच्या दाराशीं कर्ज येऊन उभें राहिलें होतें, तें आम्हीं पाहिलेंच नव्हतें.

बंधूंनो, शास्त्र येथें आपणांस दोन गोष्टी शिकवितें. पहिली ही कीं, मित्रासाठीं रडणें हा अविश्वास नव्हे. लाजराला आपण उठविणार हें प्रभूस ठाऊक होतें, तरी त्याच्या कबरेकडे जातांना तो रडला, आणि पाहणाऱ्यांनीं त्या आंसवांवरून त्याची प्रीति ओळखली. म्हणून विधवेस "रडूं नको" असें सांगण्याची घाई कोणीं करूं नये, तिच्याजवळ बसावें.

दुसरी गोष्ट ही कीं, जगाचा तारणारा दुसऱ्याच्या कबरेंत निजला. अरिमथाईकर योसेफानें स्वतःसाठीं खडकांत खोदविलेली नवी कबर दिली व तागाचें वस्त्र आणिलें. निकदेमानें सुगंधी द्रव्यें आणिलीं. मरियेकडे कोणीं खर्च मागितल्याचें शास्त्रांत कोठेंही लिहिलेलें नाहीं. दुसऱ्याच्या कबरेनें प्रभूचा मान उणा झाला नाहीं, मग साध्या पेटीनें तुमच्या मित्राचा मान कसा उणा होईल?

पुढें मंडळीनें हीच रीति चालविली. उत्तर आफ्रिकेंतील कार्थेज नगरचा तर्तुल्यान इ. स. १९७ च्या सुमारास लिहितो कीं, ख्रिस्ती लोक महिन्यांतून एकदां ऐपतीप्रमाणें व स्वखुशीनें दान देत, आणि तो पैसा खाण्यापिण्यांत न उडवितां गरिबांचें पोषण व दफन, अनाथ मुलें आणि वृद्ध यांच्यासाठीं वेंचीत.

आपल्या महाराष्ट्रांत रे. नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजीं मुंबईस प्रभूमध्यें निजले. आपल्या देहाचें दहन व्हावें अशी इच्छा त्यांनीं आधींच सांगून ठेविली होती. दफन कीं दहन हा वाद आम्ही येथें घालीत नाहीं. जिवंतपणींच आपली इच्छा सांगून ठेवावी एवढें मात्र आपण शिकावें. "मला साधी पेटी, दोन गीतें व एक प्रार्थना पुरे, जेवणावळ नको, कर्ज नको," असें जो घरच्यांसमोर व वडिलांसमोर बोलून ठेवितो, तो बायकोपोरांस मोठी देणगी देऊन जातो. मग भाऊबंदांच्या टोमण्यांस त्यांच्यापाशीं उत्तर असतें.

त्या सकाळीं वडीलमंडळ अंगणांतच बसलें. चार तरुणांनीं खड्डा खणला. सुतारकाम जाणणाऱ्या एका बंधूनें फळ्यांची पेटी केली. भगिनींनीं पांढरें कापड आणिलें आणि घरोघर भाकरी करून पाहुण्यांस वाढल्या. मंडप घातला नाहीं. कडुनिंबाची सावली पुरली. दुपारीं आम्हीं आपल्या मित्रास मूठमाती दिली, आणि त्या घरानें कोणाकडून एक रुपयाही उचलला नाहीं.

उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे कीं, प्रत्येक मंडळीनें दफनाच्या कामासाठीं दरमहा थोडें धान्य किंवा पैसा बाजूस ठेवावा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आंत ग्रामपंचायतींत करवून दाखला घ्यावा. दारिद्र्यरेषेखालील घरचा १८ ते ५९ वर्षांचा कमावता मनुष्य मरण पावल्यास राष्ट्रीय कुटुंब अर्थसाहाय्य योजनेंतून २०,००० रुपये एकदां मिळतात. त्यासाठीं विधवेस घेऊन तहसील कचेरींत जावें. तो पैसा हातीं येण्यास वेळ लागतो, आणि तो लेकरांचा आहे. त्याच्या भरंवशावर दफनासाठीं कर्ज काढूं नये.

मित्र गेला म्हणजे "आतां त्याच्यासाठीं काय करूं?" असें मन विचारतें. त्याला मंडपाची गरज उरली नाहीं. त्याचीं मुलें ऊसाच्या फडांत न जातां शाळेंत राहिलीं, तर त्याच्यावरील आपली प्रीति खरी ठरली. एकमेकांचें ओझें उचलण्याचें बळ प्रभु आपणां सर्वांस देवो. आमेन.